खाली सव्वीस

तन्वी, ईशान,

गेल्या रविवारी फोनवर तुम्ही सांगितलंत की तुमच्या वसाहतीमागच्या मैदानात मोठी यंत्रं आली आहेत, जमिनीत खोल भोकं पाडताहेत, आणि पुढच्या हिवाळ्यापासून सगळ्या घरांना ऊब जमिनीतून मिळणार आहे. उन्हाळ्यात गारवाही तिथूनच. ईशानने ते मला सावकाश, आजीला समजेल अशा बेताने सांगितलं. मी मध्ये बोलले नाही. पण ही गोष्ट मला एका माणसाने फार पूर्वी समजावून दिली होती, तुमची आई तेव्हा दुसरीत होती. फोनवर सांगता येण्यासारखं ते नव्हतं, म्हणून लिहिते आहे.

त्यांचं नाव दिगंबर मोहरीर. भोपाळला कारखान्याच्या टाउनशिपमध्ये, सोनागिरीच्या बाजूला, सहा क्वार्टर्सच्या एका बैठ्या ओळीत आम्ही राहत होतो. पहिलं क्वार्टर मोहरीरांचं, दुसरं आमचं, तिसरं तिवारींचं. पुढच्या तीन घरांतली माणसंही चांगली होती, पण त्यांची नावं तुम्हाला इथे लागणार नाहीत. तुमचे आजोबा डिझाइन विभागात होते आणि मी टाउनशिपच्या शाळेत इंग्रजी शिकवत होते. मोहरीर कारखान्यातले हवेचे पंखे आणि डक्ट सांभाळत. डक्ट म्हणजे पत्र्याचे ते मोठे चौकोनी नळ, ज्यांतून भट्ट्यांपाशी काम करणाऱ्यांना हवा पोचवतात. ते डिप्लोमा घेतलेले फोरमन होते, इंजिनियर नव्हते, आणि हा फरक टाउनशिपमध्ये क्वार्टरच्या खोल्यांपासून क्लबातल्या खुर्चीपर्यंत सगळीकडे दिसायचा. मूळचे उज्जैनचे. त्यांचं मराठी आमच्या पुण्याच्या कानांना निराळं लागे. खड्ड्याला ते गड्ढा म्हणत आणि कुठलंही काम त्यांच्या लेखी ‘बिलकुल सोपं’ असे.

त्यांच्या शर्टाच्या खिशात पेनाऐवजी थर्मामीटर असायचा. तापाचा नव्हे, लांब काचेचा, लाकडी पट्टीवर बसवलेला, आणि त्याला बांधलेली पतंगाच्या मांजासारखी मजबूत दोरी. टाउनशिपमध्ये कुठेही कोणी खड्डा खणला, टेलिफोनच्या खांबासाठी असो की झाडासाठी, की मोहरीर सायकलवरून उतरून तिथे उभे. थर्मामीटर खाली सोडायचे, पाच मिनिटं आकाशाकडे बघत थांबायचे, वर ओढून वाचायचे आणि वहीत लिहायचे. मे महिन्यात, जेव्हा सायकलचं हँडल रुमालाशिवाय धरता येत नसे, तेव्हा ते वही मिटून समोर जो कोणी असेल त्याला सांगत, “वर कितीही भडकू दे. खाली सव्वीस.” जानेवारीत लोक शेकोटीभोवती कुडकुडत असत तेव्हाही हेच, “वर कितीही गारठू दे, खाली सव्वीस.” दोन पुरुष खोल गेलं की जमिनीला उन्हाळा-हिवाळा कळत नाही, हा त्यांचा शोध नव्हता, तो जुनाच होता. पण त्यावर एवढा जीव टाकणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही. शाळेतली मुलं त्यांना छब्बीस साहब म्हणत. ते त्यांच्या कानावर गेलं असतं तर त्यांना आवडलं असतं, पण त्यांना ऐकू कमी यायचं. वीस वर्षं पंख्यांच्या घरघरीत काढलेली. स्वतः मात्र ते कारखान्यातल्यासारखेच बोलत, म्हणजे ओरडून. पहाटे पाच वाजता ते दूधवाल्याला काय म्हणाले हे ओळीतल्या प्रत्येकाला ठाऊक असायचं.

कोणाच्या घरी गेले की बसण्याआधी हाताची पालथी बाजू भिंतीला लावून बघायचे. आमच्या पश्चिमेच्या भिंतीला त्यांनी पहिल्या दिवशीच हात लावला आणि मला म्हणाले, “वहिनी, ही भिंत रात्री अकरापर्यंत ऊन परत देत असेल.” तसंच होतं. आम्ही सगळे तिच्यापासून पलंग दूर ओढून झोपायचो.

हे सगळं वेड कशासाठी होतं ते मला हळूहळू कळलं. त्यांच्या पत्नी, नलिनीताई, लग्नाआधी माहेरी दिवाळीचं तळण करताना भाजल्या होत्या. पाठ, दोन्ही दंड, मान. मोहरीरांनी हे माहीत असून लग्न केलं. जखमा भरल्या पण त्या कातडीला घाम येत नसे. आपल्याला घाम येतो तेव्हा आपण वैतागतो, पण त्यानेच अंग निवतं. त्यांचं अंग निवायला वाटच नव्हती. एप्रिल लागला की त्यांना चक्कर यायची, डोळ्यांपुढे अंधारी यायची, आणि एकदा भाजीबाजारात त्या कोसळल्या तेव्हा दवाखान्यात दोन दिवस बर्फाच्या पिशव्यांत ठेवावं लागलं. त्यानंतर मोहरीरांनी त्यांना होळीपासून पहिल्या पावसापर्यंत घराबाहेर पाऊल टाकू दिलं नाही. खसाच्या, म्हणजे वाळ्याच्या, कूलरला पाणी लागे आणि मे महिन्यात नळ दिवसातून एकदाच यायचा. मोहरीर डबे भरभरून ठेवत. कूलर कोरडा पडला की ते कारखान्यातून अर्ध्या सुट्टीत सायकल दामटत घरी येत. त्यांचं सगळं लक्ष त्या एका खोलीत अडकलेलं असे.

मग टाउनशिपने आमच्या ओळीमागून सांडपाण्याची नवी लाइन टाकायला घेतली. लांबच्या लांब चर. मोहरीर पहिल्याच दिवशी थर्मामीटर घेऊन चरात उतरले, आणि वर आले ते आमच्या दारात. हातापायांना काळी माती, चष्म्यावर मुरूम.

“वहिनी, आणखी सहा फूट खोल नेला तर खालून पाइप टाकता येईल. हवा एका टोकाने आत, जमिनीतून फिरून घरात. बिलकुल सोपं. पण अर्ज इंग्रजीत लागेल.”

इस्टेट ऑफिसर, म्हणजे टाउनशिपची घरं-जमीन बघणारे साहेब, तमिळ होते आणि त्यांना नीट मांडलेला इंग्रजी कागद आवडायचा. मी अर्ज लिहिला. माझी सवय तुम्हाला माहीत आहे, वाणसामानाची यादीसुद्धा मी क्रमांक घालून लिहिते. मी पाच मुद्दे काढले, डावीकडे दोन बोटं समास सोडला, आणि प्रत्येक मुद्द्याला एक वाक्य. मोहरीरांना तो कागद इतका आवडला की त्यांनी त्याची नक्कल काढून घरात लावली.

अर्ज एका घरासाठी मंजूर होणार नव्हता. कंपनीच्या जमिनीत कोणा एकाच्या सोयीसाठी खणता येत नाही. म्हणून तो सहाही घरांसाठी केला, आणि इस्टेट ऑफिसने एक वर्षाच्या चाचणीची परवानगी दिली. अट अशी की सहाही घरांची सही हवी, आणि वर्षाअखेर कंपनीची समिती येईपर्यंत एका जरी घराची लेखी तक्रार आली तरी सगळं बंद करायचं. वर्ष सुरळीत गेलं तर समिती येऊन बघेल आणि हीच सोय टाउनशिपच्या बाकीच्या ओळींना करता येईल का ते ठरवेल. निवृत्तीला तीन वर्षं उरलेल्या फोरमनला असं काही कधी मिळत नाही. सही घ्यायला ते स्वतः दारोदार गेले. तिवारी भांडारात हेडक्लार्क होते, कशावरही सही करण्याआधी तीनदा वाचणारे. त्यांनी न वाचता सही केली आणि म्हणाले, “भाभीजी के लिए तो हम कोरे कागज पर भी कर देंगे.”

ड्रेनेजच्या कामातून बाद झालेले सिमेंटचे पाइप मिळाले. रविवारी ओळीतले सगळे पुरुष चरात उतरले, बायका वरून चहा आणि भजी देत. मोहरीर प्रत्येक सांध्यावर हात फिरवून बघत. एक मोठा पाइप ओळीमागून आडवा, त्यातून प्रत्येक घरात एक फाटा, आणि फाट्याच्या तोंडाला भिंतीत पायापाशी जाळी. हवा आत ओढणारा पंखा त्यांनी मुद्दाम ओळीच्या पार टोकाला, कडुनिंबापलीकडे बसवला. आपल्याला आयुष्यभर जी घरघर सोसावी लागली ती शेजाऱ्यांना नको म्हणून.

मार्चमध्ये पंखा सुरू झाला. आम्ही सगळे आपापल्या जाळीपुढे जमिनीवर बसलो होतो. आधी ओल्या मातीचा वास आला, मग हवा. बर्फासारखी नाही. रांजणाला गाल टेकवल्यावर वाटतं तशी. तुमच्या आईने जाळीपुढे पाय सोडले आणि संध्याकाळपर्यंत उठली नाही. मे महिन्यात बाहेरची सायकल तापून टायर फुटत असताना आम्ही घरात चादर घेऊन दुपारी झोपलो. डिसेंबरात त्याच जाळीतून पहाटे कोमट हवा यायची आणि तिवारींचे म्हातारे वडील जाळीपाशी बसून मिश्री लावायचे. एवढं सगळं खरोखर झालं. तुम्हाला हे सांगायला मला अजून अभिमान वाटतो.

पण पाइपातून नुसती हवा येत नव्हती.

पहिल्याच आठवड्यात मी स्वयंपाकघरात असताना तिवारीणबाई माझ्या पायापाशी म्हणाल्या, “नमक कम है.” मी दचकून मागे बघितलं, कोणी नाही. त्या त्यांच्या घरात जेवत होत्या. पंखा लांब, त्याचा आवाज नाही, आणि पाइप आतून गुळगुळीत. सहा घरांतलं बोलणं सहाही घरांत फिरू लागलं. कोणाचा खोकला, कोणाची देवपूजा, कोणाच्या सुनेने सासूला दिलेलं उलट उत्तर. मोहरीरांनी पंखा जवळ बसवला असता तर घरघरीत काही ऐकू आलं नसतं. आणि ही गोष्ट ज्यांच्या लक्षात यायला हवी होती, त्या एकट्यांनाच ते ऐकू येत नव्हतं.

जाळीत बोळा कोंबावा तर हवा बंद. त्यांना सांगावं तर ते काय करणार? चर बुजलेला, पाइप खाली. आणि तक्रार म्हणजे नलिनीताईंचा उन्हाळा परत त्या कोरड्या कूलरपाशी. ओळीत कोणी कोणाला काही सांगितलं नाही, पण दोन आठवड्यांत सगळे कुजबुजायला लागले. तिवारी हिशेबाच्या गोष्टी बोलायला बायकोला अंगणात नेत, भर उन्हात. चौथ्या घरातल्या नव्या जोडप्याने रेडिओ विकत घेतला. तुमचे आजोबा आणि मी भांडायचं झालं तर इंग्रजीत भांडायचो, आपली हुशारी म्हणून. एके दिवशी तिवारींची रेखा, माझ्या वर्गातली, तास संपल्यावर टेबलापाशी आली आणि अगदी सरळ चेहऱ्याने म्हणाली, “मैडम, पिग-हेडेड का मतलब क्या होता है?” त्यानंतर आम्ही भांडायचंच सोडलं. ते काही सुख नव्हतं. आपल्याच घरात चप्पल काढून पाहुण्यासारखं वावरावं तसं ते वर्ष होतं.

मोहरीर मात्र खूश होते. ते रोज संध्याकाळी ओळीतून चक्कर मारत, प्रत्येक जाळीपुढे थर्मामीटर धरत आणि वहीत लिहीत. एकदा माझ्यासमोर त्यांनी लिहिलं आणि मग मोठ्याने वाचून दाखवलं, “गारव्याने माणसं शांत होतात. ओळीत भांडणं बंद झाली.” माझ्याकडे बघून म्हणाले, “हे समितीला सांगण्यासारखं आहे न, वहिनी?”

मी म्हटलं, “हो.” तेवढंच म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

त्या पहिल्या उन्हाळ्यात उज्जैनला नलिनीताईंच्या धाकट्या बहिणीच्या मुलीचं लग्न होतं. वैशाखात. त्यांना मूल नव्हतं आणि त्या भाचीला त्यांनीच लहानपणी दोन वर्षं सांभाळलं होतं. नलिनीताईंचा आवाज अगदी हळू, मोहरीरांना कधीच पोचायचा नाही. त्या एकदा बोलायच्या, ते “काय?” म्हणायचे, आणि बहुतेक वेळा त्या दुसऱ्यांदा बोलत नसत. त्या दुपारी मात्र त्या तीनदा बोलल्या, आणि तिसऱ्यांदा एवढ्या मोठ्याने की मी हातातलं लाटणं खाली ठेवलं.

“मला उज्जैनला जायचंय.”

मग मोहरीरांचा तो भट्टीपाशी बोलतात तसा आवाज. बाहेर चव्वेचाळीस आहे. बसमध्ये पन्नास असेल. इथे एवढं सगळं केलं ते कोणासाठी? इथे सव्वीस आहे, इथे बस. त्यांना रागवायचं नव्हतं. ते घाबरले होते. पण ओरडून बोलणाऱ्याची भीती रागासारखीच ऐकू येते.

मग नलिनीताई नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, “भाजी ठेवतात तसं ठेवलंय मला.”

मोहरीर म्हणाले, “काय?”

त्या परत बोलल्या नाहीत. सहाही घरांत कोणी भांडंसुद्धा वाजवलं नाही. दुसऱ्या दिवशी तिवारीणबाई दारात येऊन मोहरीरांना म्हणाल्या की त्यांचा भाऊ जीप घेऊन उज्जैनला चाललाय, मागे बर्फाची लादी ठेवून, ओल्या चादरी बांधून भाभीजींना पहाटे नेता येईल. मोहरीरांना आपल्या घरातलं बोलणं त्यांना कसं कळलं असा प्रश्नच पडला नाही. त्यांनी आभार मानले आणि नको म्हटलं. लग्न झालं. नलिनीताईंना पत्रिका आणि नंतर फोटो आले.

वर्ष सरलं, परत एप्रिल आला. समिती येण्याची तारीख ठरली. मोहरीरांनी सगळ्या नोंदींचे आलेख रंगीत पेन्सिलीने काढून ड्रॉइंगच्या कागदावर चिकटवले. बाकीच्या ओळींचे नकाशेही तयार होते. कुठे चर जाईल, कुठे पंखे बसतील. त्यांनी ते आमच्या जेवणाच्या टेबलावर पसरून दाखवले. टाउनशिपचं एकूण एक घर त्यात होतं, दवाखाना होता, माझी शाळाही होती. त्याच सुमारास तुमच्या आजोबांची बदली दुसऱ्या कारखान्यात झाली होती आणि आमची अर्धी खोकी भरून झाली होती.

समितीच्या चार दिवस आधी, सकाळी अकराला, मोहरीर कामावर गेलेले असताना, जाळीतून हाक आली.

“कुमुद, ऐकतेयस ना?”

वर्षभरात असं कोणी केलं नव्हतं. ऐकू येतं हे कोणी कबूलच केलं नव्हतं. मी जमिनीवर बसले आणि म्हटलं, “ऐकतेय, नलिनीताई.”

“मला एक अर्ज लिहून दे. इंग्रजीत. मी माझ्या हाताने उतरवून काढीन.”

मी त्यांच्याकडे गेले. खोली अंधारी, गार. खिडकीवर जाड पडदा. त्यांनी मला काय हवं ते सांगितलं तेव्हा मी प्रथम नाही म्हटलं. म्हटलं, एवढंच असेल तर बाहेर जा की, मी येते बरोबर, भाऊजींना मी सांगते. तक्रार कशाला?

त्या म्हणाल्या, “पाच घरं माझ्यासाठी कुजबुजतायत. हे रोज येऊन जाळीला हात लावून बघतात. एवढं सगळं झाल्यावर मी ‘बाहेर जाते’ कसं म्हणू? ही हवा आहे तोवर मी इथेच. आणि आता तर सगळ्या टाउनशिपला करणार. मग मला उठताच येणार नाही.”

“आणि उन्हात काही झालं तर?”

“चक्कर येईल. येऊ दे. मी खाली बसेन, अंगावर पाणी ओतून घेईन, उठेन. मला माहितीये मला काय होतं ते. त्यांना ते बघवत नाही, एवढंच आहे.”

त्या क्षणी मला जे येतं तेवढंच एक काम सुचलं. मी कागद घेतला, समास सोडला आणि मुद्दे काढले. पहिला, पाइपातून बाकीच्या पाचही घरांतलं बोलणं माझ्या खोलीत येतं आणि माझं बाहेर जातं. दुसरा, त्यामुळे मला माझ्या घरात बोलायला जागा उरलेली नाही. तिसरा, पाइप बंद करावा. त्यांनी तो कागद बघून बघून, एकेक अक्षर चित्रासारखं काढून, दोन तास लावून उतरवला. खाली मात्र सही मराठीत केली. इस्टेट ऑफिसात तो मीच नेऊन दिला. या गोष्टीत माझं काम तेवढंच, पण ते मी केलं हे तुम्हाला माहीत असावं.

मोहरीरांना तो कागद दुसऱ्या दिवशी ऑफिसात दाखवला गेला. संध्याकाळी ते आमच्याकडे आले. मी त्यांना कधी इतकं हळू बोलताना ऐकलं नव्हतं. त्यांनी त्या तक्रारीची नक्कल टेबलावर ठेवली, मला बसायला सांगितलं, स्वतः उभे राहिले.

“मुद्दे क्रमवार आहेत, वहिनी.”



ते आमच्या जाळीपुढे गुडघे टेकून बसले, कान लावला. बराच वेळ. तिवारींकडे कोणीतरी तांदूळ निवडत होतं, ताटातला खडा वेगळा काढल्याचा टिक आवाज मला उभ्या जागी येत होता. मोहरीर डोळे मिटून ऐकत होते.

“खरंच ऐकू येतं?”

“येतं.”

“सगळ्यांना? वर्षभर?”

“हो.”

त्यांनी जाळीला हाताची पालथी बाजू लावली. सवयीने. मग माझ्याकडे न बघता विचारलं, “आमच्या घरातलं काय ऐकलंत?”

मला खोटं सांगता आलं असतं. वर्षभर मी तेच करत होते. मी म्हटलं, “नलिनीताईंना उज्जैनला जायचं होतं.”

ते उठले. गुडघ्यांची धूळ झटकली. दारापर्यंत गेले आणि तिथून म्हणाले, “ते तर मला ऐकू आलं होतं.”

समिती आली नाही. इस्टेट ऑफिसने नियमाप्रमाणे पंखा काढून नेला, आणि आठवड्याच्या आत मागची विहीर, म्हणजे हवा जिथून आत शिरायची तो खोल खड्डा, बुजवायला मजूर पाठवले. ओळीत परत कूलर लागले. लोक परत मोठ्याने बोलायला लागले, पण पहिले काही दिवस तेही सवय मोडल्यासारखं, बोलता बोलता मध्येच थांबून. तिवारी एकदा बायकोवर चांगले खेकसले आणि मग दारात येऊन ओळीकडे बघत राहिले.

तुमची शहाणी माणसं पाइपातून पाणी फिरवतात, हवा नाही, असं ईशान म्हणाला. म्हणजे तुमचं बोलणं तुमच्या घरातच राहील. हे मोहरीरांना सांगायला हवं होतं. त्यांनी वहीत लिहून घेतलं असतं.

आमचा ट्रक दुपारी यायचा होता. मी रिकाम्या स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी होते, मागे मजूर फावड्याने मुरूम लोटत होते. मोहरीर खड्ड्याच्या काठाशी उभे. त्यांनी मजुरांना हात करून थांबवलं, खिशातून थर्मामीटर काढला, दोरी सोडली आणि आकाशाकडे बघत पाच मिनिटं थांबले.

तेवढ्यात त्यांचं मागचं दार उघडलं. नलिनीताई बाहेर आल्या. एप्रिलच्या उन्हात मी त्यांना पहिल्यांदा पाहत होते. खांद्यावर ओला टॉवेल, पायात त्यांच्या मापाहून मोठ्या चपला, बहुधा मोहरीरांच्या. त्या चालत येऊन काठाशी त्यांच्या शेजारी उभ्या राहिल्या. मोहरीरांनी त्यांच्याकडे बघितलं, मग घराकडे. दोरी वर ओढली.

“किती?” नलिनीताईंनी विचारलं. ते “काय?” म्हणायच्या आत त्यांनी परत, मोठ्याने विचारलं, “किती?”

“सव्वीस.”

“आणि इथं?”

त्यांनी थर्मामीटर स्वतःच्या सावलीत धरला. थांबले. “एक्केचाळीस.”

नलिनीताईंनी मान हलवली, भाजीचा भाव कळल्यावर हलवतात तशी, आणि तिथेच उभ्या राहिल्या. मजुरांनी फावडी उचलली. मोहरीर घड्याळ बघत होते. थोड्या वेळाने त्यांनी मजुरांची बादली ओढून घेतली, टॉवेल नलिनीताईंच्या खांद्यावरून काढून पाण्यात बुडवला, न पिळता परत घातला. खड्डा भरेपर्यंत त्यांनी तो तीनदा बुडवला. दुसऱ्या वेळेला नलिनीताई एकदम खाली बसल्या, दगडावर, डोळे मिटून. मोहरीरांनी त्यांना उचलायला हात पुढे केला आणि मग तो तसाच ठेवून वाट बघितली. त्या उठल्या.

मजूर गेल्यावर त्या घराकडे वळल्या नाहीत. मागच्या वाटेने सोनागिरीच्या फाटकाकडे चालू लागल्या, सावकाश, भाजीबाजाराच्या दिशेने, आणि मोहरीर भरलेली बादली हातात घेऊन, पाणी सांडू न देता, त्यांच्या मागून.